हवा की पाणी? ओव्हरक्लॉक केलेल्या प्रोसेसरसाठी शांत कूलर निवडताना

संगणकाचा प्रोसेसर ओव्हरक्लॉक करायचा, म्हणजे ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवायचा, आणि खोलीत शांतताही राखायची, अशी ज्यांची अट आहे त्यांच्यापुढे चाळणी लावता लावता दोनच पर्याय उरतात. एक म्हणजे दुहेरी हीटसिंकचा (उष्णता शोषून हवेत सोडणाऱ्या धातूच्या पात्यांच्या ठोकळ्याचा) मोठा एअर कूलर आणि दुसरा म्हणजे पंपाने पाणी फिरवून ते २४० ते ३६० मिलिमीटरच्या रेडिएटरमध्ये (पंखे लावलेल्या जाळीत) गार करणारा बंदिस्त लिक्विड कूलर. मी हे दोन्ही एकाच यंत्रावर वापरले आहेत. कोथरूडच्या आमच्या घरात कोअर आय७-१२७००के हा प्रोसेसर सर्व मोठ्या कोअरवर (आतील मुख्य गणनाकेंद्रांवर) ५ गिगाहर्ट्झने चालतो. त्यावर आधी दीड वर्ष २८० मिलिमीटरचा लिक्विड कूलर होता आणि आता नॉक्टुआ कंपनीचा एनएच-डी१५ हा एअर कूलर आहे. माझ्याकडे ध्वनिमापक नाही, त्यामुळे पुढील मजकुरात आवाजाविषयी जे काही येईल ते कानांनी ऐकलेले आहे.

तापमानाचे आकडे वाचताना पुण्यातील वाचकाने एक वजाबाकी लक्षात ठेवावी. परदेशातील चाचण्या साधारणपणे २० ते २५ अंशांच्या खोलीत होतात आणि यांपैकी कोणताही कूलर प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. एप्रिलच्या दुपारी वरच्या मजल्यावरील खोली ३४-३५ अंशांवर जाते, तेव्हा चाचणीत ७८ अंश दाखवणारी जोडणी आपल्याकडे ९० च्या आसपास पोहोचते, आणि हा प्रोसेसर १०० अंशांना स्वतःचा वेग कमी करू लागतो. म्हणून कूलर निवडण्याआधी व्होल्टेज उतरवून पाहावे. प्रोसेसरची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि मला तरी ५ गिगाहर्ट्झ कायम ठेवून व्होल्टेज थोडे कमी केल्यावर जो फरक मिळाला तो कूलर बदलून मिळाला नाही.

निव्वळ थंडाव्यात लिक्विड कूलर पुढे होता, हे मान्य करायला हवे. तासभर चालणाऱ्या व्हिडिओ रेंडरमध्ये तो चार-पाच अंशांनी सरस ठरत असे. शिवाय पाणी तापायला वेळ लागत असल्याने दोन-तीन मिनिटांच्या कामात त्याचे पंखे वेग बदलत नसत, तर एअर कूलरचे पंखे सुरुवातीला प्रत्येक छोट्या कामागणिक चढ-उतार करत होते. बायॉसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये, पंख्यांच्या प्रतिसादाला काही सेकंदांचा विलंब देऊन आणि ७० अंशांपर्यंतचा त्यांच्या वेगाचा आलेख जवळजवळ सपाट ठेवून ती तक्रार माझ्यापुरती मिटली.

पंपाच्या आवाजाची तक्रार मात्र शेवटपर्यंत मिटली नाही.

लिक्विड कूलर मी मे महिन्यात बसवला. आपल्याकडे होळीच्या आसपास छताचा पंखा जो सुरू होतो, तो पावसाळ्यातल्या थोड्या रात्री सोडल्या तर दिवाळीपर्यंत बंद होत नाही, आणि त्या घरघरीखाली पंपाचा आवाज पूर्णपणे झाकला गेला होता. नोव्हेंबरच्या अखेरीस थंडी पडली, पंखा बंद झाला, खिडक्या लागल्या आणि रात्री अकरानंतर एक बारीक, एकसुरी स्वर ऐकू येऊ लागला. तो मोठा नव्हता. परंतु कूलरच्या मोठ्या पंख्याचा आवाज वाऱ्यासारखा पसरट असल्याने कान त्याला लवकर सरावतो, तसा हा स्वर सरावाचा झाला नाही. त्याहून त्रासदायक गोष्ट अशी की यंत्र काही करत नसतानाही तो तसाच राहत असे. पंख्याचा वेग निम्मा केला की आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो, त्यामुळे हलक्या कामात पंखे जवळजवळ नाहीसे करता येतात. पंपाला ती मोकळीक नसते. मी त्याचा वेग बायॉसमधून साठ टक्क्यांपर्यंत खाली आणला, तेव्हा स्वर थोडा खर्जात गेला इतकेच, आणि रेंडरच्या वेळी मिळणारा चार-पाच अंशांचा फायदाही गेला. आई शेजारच्या खोलीत झोपते. मधले दार उघडे असले की तिलाही तो ऐकू येई.

यात गुरुवारी वीज जाण्याची भर पडे. दुरुस्तीसाठी गेलेली वीज परत आल्यावर यंत्र सुरू केले की नळ्यांतील हवेची गुडगुड मिनिटभर चाले. रेडिएटर पुढून काढून कॅबिनेटच्या छताला लावल्यावर, म्हणजे हवा पंपाच्या वर साठेल अशी रचना केल्यावर, ती थांबली. पंपाचा स्वर तसाच राहिला, आणि पुढच्या हिवाळ्यात मी एअर कूलर मागवला.

एनएच-डी१५ च्या स्वतःच्या अडचणी आहेत आणि त्या आधी मोजून घ्याव्यात. त्याची उंची १६५ मिलिमीटर आहे, त्यामुळे अनेक मध्यम कॅबिनेटचे झाकण लागत नाही. पुढच्या पंख्याखाली रॅमसाठी (मेमरीच्या पट्ट्यांसाठी) ३२ मिलिमीटरच जागा उरते. मला दिव्यांची उंच रॅम बदलून साधी घ्यावी लागली. दोन पंख्यांसह वजन १,३२० ग्रॅम भरते, म्हणून घर बदलताना तो काढूनच यंत्र हलवावे. धुळीची स्थिती दोन्हीकडे सारखीच आहे. कर्वे रस्त्याच्या बाजूची खिडक्या उघडी राहणारी खोली असेल तर दर दोन महिन्यांनी ब्रश फिरवावा लागतो. मात्र एअर कूलरचा एक पंखा बंद पडला तरी दुसऱ्यावर काम भागते, पंप बंद पडला तर भागत नाही.

ज्यांचा प्रोसेसर २५० वॉटच्या पुढे दीर्घकाळ चालतो, ज्यांच्या कॅबिनेटमध्ये उंची नाही किंवा जे कायम हेडफोन लावून बसतात, त्यांना कदाचित ३६० मिलिमीटरचा लिक्विड कूलरच योग्य ठरेल, आणि सगळेच पंप माझ्या पंपासारखे असतील असेही नाही. परंतु पुण्याच्या तपकीर गल्लीतील इलेक्ट्रॉनिक्स बाजारासारख्या गजबजाटातल्या दुकानात हा स्वर ऐकू येणार नाही, आणि मे महिन्यात घरीही येणार नाही. तेव्हा लिक्विड कूलर घेतलाच तर परत करण्याची मुदत संपण्याआधी एका रात्री छताचा पंखा बंद करावा, यंत्र रिकामे चालू ठेवावे आणि दहा मिनिटे शेजारी बसून ऐकावे.