डिबेट क्लासचे आठ महिने : मिनिटाला २५३ रुपये

पुढच्या बॅचचा मेसेज आला. २२,५०० अधिक जीएसटी, ३१ तारखेच्या आत भरले तर दहा टक्के सूट. तो वाचून डोकं फिरलं, म्हणून हे लिहायला बसलोय.

लेक सातवीत, सेमी-इंग्लिशला. जूनपासून दर शनिवारी सिंहगड रोडवरून राजाराम पूल ओलांडून कर्वेनगरला. क्लासचं नाव सांगत नाही. चार-पाच ठिकाणी चौकशी केली तेव्हा सगळीकडे तेच माहितीपत्रक आणि तोच 'आत्मविश्वास' होता. आम्ही भरले १८,०००, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २१,२४०. पावतीवर खाली बारीक अक्षरात : फी परत मिळणार नाही.

पहिल्या महिन्यात मी बाहेरच्या बाकावर बसून राहायचो, कारण दीड तासासाठी परत घरी येण्यात पेट्रोल जातं. दार उघडंच असायचं. कंटाळून मोबाइलवरचं स्टॉपवॉच लावलं आणि तिथूनच घोळ सुरू झाला. हजेरी आणि गप्पा, दहा मिनिटं. एक खेळ, पंधरा मिनिटं. सरांचं बोलणं, पंचवीस. उरलेल्या वेळात २२ मुलं. माझ्या लेकीच्या वाट्याला तीन मिनिटं, तीही नीट धरली तर.

ही मंडळी शिकवतात वर्ल्ड स्कूल्स नावाची डिबेटची पद्धत. त्यात एका बाजूला तीन वक्ते, प्रत्येकाला आठ मिनिटं आणि शेवटी दोन्ही बाजूंचं चार-चार मिनिटांचं उत्तराचं भाषण. एकूण ५६ मिनिटं, आणि बोलणार सहाच जण. बाकीची १६ पोरं काय करणार? हा हिशोब मी सरांपुढे मांडला. ते हसून म्हणाले, "सर, ऐकणं हाही ट्रेनिंगचाच भाग आहे." मला ती सरळ पळवाट वाटली. घरी येऊन कॅलेंडरच्या मागे दर शनिवारची मिनिटं लिहायला लागलो. बायको म्हणाली, दूधवाल्याचा हिशोब तरी एवढा ठेव.

सप्टेंबरपर्यंत परिणाम दिसायला लागला, पण नको तो. त्यांच्याकडे प्रतिवादाचं चार पायऱ्यांचं सूत्र आहे : 'ते म्हणतात', 'पण', 'कारण', 'म्हणून'. जेवायला बस म्हटलं की, "तुम्ही म्हणता आत्ता जेव, पण मला भूक नाही, कारण…" वर मधेच हात करून उभी राहते आणि 'पॉइंट' म्हणते. भाषणाच्या पहिल्या आणि शेवटच्या मिनिटात असं टोकता येत नाही, हा नियम तिने आजोबांना शिकवला. ते आता प्रत्येक गोष्ट एका मिनिटात उरकतात. त्यांनी सगळी उमर संस्कृत शिकवलं. एके रात्री म्हणाले, "न्यायशास्त्रात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, चर्चेचे वाद, जल्प आणि वितंडा असे तीन प्रकार आहेत. वितंडेत स्वतःचा पक्षच नसतो, नुसतं समोरच्याचं खोडायचं. तुम्ही एकवीस हजार कशाचे भरलेत?" त्या रात्री मी याच क्लासला एक तारा दिला असता.

दिवाळीनंतर मूळचे सर गेले आणि कॉलेजातला एक मुलगा आला. ठरलेल्या ३२ शनिवारांपैकी झाले २८, त्यातले दोन ऑनलाइन, दोन बॅच एकत्र करून. चार तासांचे पैसे मागितले तर म्हणे पुढच्या बॅचमध्ये वळते करू. म्हणजे माझेच पैसे परत मिळवायला आणखी पैसे भरायचे. तीन फोन आणि एक लांबलचक ईमेल झाल्यावर दोन जादा तास मिळाले. दोनच.

आता ज्यासाठी मत थोडं बदललं ते सांगतो. डिसेंबरात आमच्या सोसायटीची सभा होती. घरी कोणी नव्हतं म्हणून लेकीला सोबत नेलं. ती वही उघडून बसली. पान उभ्या रकान्यांत दुमडलेलं, एका बाजूचे मुद्दे निळ्या पेनाने, दुसऱ्या बाजूचे लाल, उत्तर मिळालं की बाण. याला ते 'फ्लो' म्हणतात. दोन तास पार्किंगवर घमासान झालं. बाहेर पडल्यावर तिने वही दाखवली. खजिनदारांचे पाच मुद्दे होते, त्यातल्या लिफ्टच्या देखभाल कराराला कुणी हातच लावला नव्हता. त्यापुढे तिने लिहिलं होतं : ड्रॉप. "आणि बाबा, तुम्ही तीनदा उठलात, पण बोललात एकच."

मी शाळेत वक्तृत्व स्पर्धा गाजवल्या आहेत. वडील भाषण लिहून द्यायचे, मी पाठ करायचो, 'पूज्य गुरुजनवर्ग'पासून टाळ्यांपर्यंत. समोरचा काय बोलला हे ऐकायची गरज कधी पडलीच नाही. त्या स्पर्धेत समोरचा असायचाच कुठे! हिला बाजूही निवडता येत नाही, नाणं उडवून मिळते. गेल्या महिन्यात मोबाइलवर शाळेत बंदी हवी या बाजूने बोलली आणि चांगली बोलली. घरी आल्यावर मोबाइल मागितलाच, पण वितंडा जरा कमी झाली आहे. आता 'पण' म्हणायच्या आधी माझं म्हणणं नीट परत सांगते, कधीकधी माझ्यापेक्षा नीट.

म्हणजे ऐकणं हा ट्रेनिंगचा भाग आहे, हे सरांचं म्हणणं खरं होतं. कबूल. पण मग तसं माहितीपत्रकात लिहा, 'व्यासपीठावर झळकेल' कशाला? शिवाय ऐकायचंच असेल तर या पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला आहे, आमची सोसायटी तर फुकटच आहे.

कॅलेंडरची बेरीज काल केली. आठ महिन्यांत लेक बोलली ८४ मिनिटं. २१,२४० भागिले ८४, मिनिटाला २५३ रुपये. कुणी विचारलं तर सांगेन, मूल सहावी-सातवीच्या पुढचं असेल आणि बॅचमध्ये बारापेक्षा जास्त मुलं नसतील तरच घाला. बारा असली तर निदान एकाआड एक शनिवारी पूर्ण आठ मिनिटं मिळतील. शांत मुलांना उपयोग होईल का, हे माझ्या अनुभवावरून सांगता येणार नाही. आमची मुळात शांत नव्हतीच.

मेसेजला मी एकच प्रश्न उलट पाठवला : पुढच्या बॅचमध्ये किती मुलं? उत्तर आलं, "सर, आम्ही प्रत्येक मुलाकडे वैयक्तिक लक्ष देतो." लेकीने ते वाचलं, पेन उघडलं आणि कॅलेंडरच्या मागे माझ्या बेरजेखाली लाल अक्षरात लिहिलं : ड्रॉप. प्रश्न मी पुन्हा पाठवलाय. ३१ तारखेला अजून नऊ दिवस आहेत.