थायमोसिन अल्फा-१ : आठ महिने पेशींवर वापरल्यानंतर

मी पुण्यात रोगप्रतिकारशास्त्रात पीएचडी करते. थायमोसिन अल्फा-१ म्हणजे थायमस या रोगप्रतिकार ग्रंथीत सापडणारं छोटं प्रथिन, पेप्टाइड. त्याचं कृत्रिम रूप मी गेले आठ महिने रक्तदात्यांच्या पेशींवर वापरतेय. हा अनुभव कल्चरच्या, म्हणजे प्रयोगशाळेत पेशी वाढवायच्या, प्लेटपुरता आहे. इंजेक्शन घ्यावं की नाही, हे कृपा करून यावरून ठरवू नका.

पहिली वायल आली तेव्हा निकाल बघून मी हरखून गेले. मोनोसाइट या पांढऱ्या पेशींपासून तयार केलेल्या डेंड्रिटिक पेशींवर (या टी-पेशींना जंतूंची ओळख करून देतात) सीडी८६ हे सक्रियतेचं चिन्ह भरभरून वाढलं, आयएल-६ हे दाहाचा संदेश देणारं प्रथिन तर इतकं की नमुने पातळ करून पुन्हा मोजावे लागले. मॅडमना आलेख दाखवले. त्यांनी एकच विचारलं, "एंडोटॉक्सिन तपासलंस का गं?"

तपासलं नव्हतं. एंडोटॉक्सिन म्हणजे काही जिवाणूंच्या कवचातला, पेशींना चेतवणारा पदार्थ. त्याला निष्प्रभ करणारं पॉलिमिक्सिन-बी घालून तोच प्रयोग पुन्हा लावला आणि जवळजवळ सगळी वाढ नाहीशी झाली. दीड महिना मी पेप्टाइडचा नव्हे, तर त्यात मिसळलेल्या जिवाणूंच्या कवचाचा परिणाम मोजत होते. विक्रेत्याच्या प्रमाणपत्रावर एचपीएलसी या रासायनिक चाचणीने मोजलेली शुद्धता ९८ टक्के लिहिली होती आणि ती खोटी नव्हती. पण एचपीएलसीच्या त्या आलेखात एंडोटॉक्सिन दिसतच नाही, आणि या पेशींना त्याचा नॅनोग्रॅमभर अंशही पुरतो. पेप्टाइड रासायनिक पद्धतीने बनवलं म्हणजे ते यापासून मुक्त, हा माझा समज होता. ज्यांच्या पेशी टोल-लाइक रिसेप्टर (जंतूंचे अंश ओळखणारी प्रथिनं) बाळगून आहेत त्या प्रत्येकाने मागवतानाच एलएएल या एंडोटॉक्सिन मोजणाऱ्या चाचणीचा आकडा मागावा. माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं हेच आहे.

दुसरी अडचण मोजणीची. हा रेणू २८ अमिनो आम्लांचा, टोकाच्या सेरीनवर अ‍ॅसिटिल गट असलेला. त्यात ट्रिप्टोफॅन नाही, टायरोसिन नाही. त्यामुळे २८० नॅनोमीटरवर प्रकाश शोषणारं काहीच नाही आणि त्या शोषणावरून प्रमाण मोजणारा नॅनोड्रॉप शून्याच्या आसपास दाखवतो. मी आधी वायल रिकामी आहे असं धरून चालले होते! शिवाय वायलवरच्या वजनात क्षार आणि ओलावाही धरलेला असतो, म्हणून निव्वळ पेप्टाइड किती हे विचारून मगच हिशोब करावा. ट्रायफ्लुओरोअ‍ॅसिटेटऐवजी अ‍ॅसिटेट क्षार घ्यावा. विरघळायला मात्र अगदी गुणी, पाण्यात लगेच उतरतं.

एंडोटॉक्सिन तपासलेली नवी वायल आल्यावर खरं चित्र दिसलं, आणि मला ते जास्त आवडलं. शांत बसलेल्या, वेगळ्या काढलेल्या टी-पेशींवर (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) मला जवळपास काहीच मिळालं नाही. डेंड्रिटिक पेशी सोबत असल्या आणि बुरशीचे मारलेले बीजाणू घातले, की टी-पेशींना चेतवणारं आयएल-१२ वाढतं आणि मग टी-पेशींचं इंटरफेरॉन-गॅमा हे लढ्याचा संदेश देणारं प्रथिनही. इटलीतल्या पेरुजियात लुइजिना रोमानी यांच्या गटाने २००४ मध्ये दाखवलेला टोल-लाइक रिसेप्टर ९ चा मार्ग याच्याशी जुळतो. सगळ्या दात्यांमध्ये हे सारखं दिसत नाही. काहींच्या पेशी ढिम्म हलत नाहीत, म्हणून तीन दात्यांवर निष्कर्ष काढू नये.

अ‍ॅलन गोल्डस्टीन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात वासराच्या थायमसमधून हा रेणू वेगळा केला तेव्हापासून त्याच्याबद्दल मोठ्या आशा आहेत. हिपॅटायटिस-बीसाठी काही देशांत १.६ मिलिग्रॅम आठवड्यातून दोनदा देतात. पण चीनमधल्या २२ केंद्रांवरच्या, सेप्सिसच्या, म्हणजे संसर्गाने अवयव निकामी होऊ लागलेल्या, ११०६ रुग्णांच्या चाचणीत २८ दिवसांतले मृत्यू कमी झाले नाहीत. २०२५ मध्ये तो निकाल छापून आला तेव्हा मला वाईट वाटलं, तरी माझ्या प्लेटशी त्याचा विरोध नाही. पेशी कोणत्या अवस्थेत आहेत, शेजारी कोण आहे, यावर इथेही सगळं अवलंबून असतं, आणि सेप्सिसच्या रुग्णाची अवस्था तर तासागणिक बदलते.

आता प्रत्येक नवीन वायल आली की आधी एलएएल, मग पॉलिमिक्सिनसह आणि त्याविना एक प्लेट, आणि त्याच अमिनो आम्लांचं पण उलटसुलट अनुक्रमाचं पेप्टाइड तुलनेला. यात आठवडा जातो. उरलेलं द्रावण छोट्या भागांत उणे ८० अंशांवर ठेवलंय. त्या जुन्या दीड महिन्याचे आलेखही मी पुसलेले नाहीत, वहीत लाल शाईने कारण लिहून तसेच ठेवलेत.