दोन एचपीचे दोन पंप आणि चार फळ्या : बेसमेंटमधल्या एका पावसाळ्याचा हिशोब

पावसाचं पाणी उपसायला मे महिन्यात बसवलेली व्यवस्था, जून ते ऑक्टोबर वापर. जागा मुंबईच्या पश्चिम उपनगरातली. एक मजली बेसमेंट पार्किंग, क्षेत्रफळ साधारण 600 चौरस मीटर, 6 मीटर रुंद आणि 22 मीटर लांब उघडा रॅम्प, पायथ्याशी जाळीचं गटार, आणि तिथलं पाणी उतरतं ते दीड मीटर लांब, दीड रुंद, दीड खोल सम्पमध्ये, म्हणजे पाणी गोळा करायच्या खड्ड्यात. त्यात 2 एचपीचे दोन थ्री फेज नॉन-क्लॉग (कचऱ्याने सहसा न चोंदणारे) सबमर्सिबल (पाण्यात बुडवून ठेवायचे) पंप, चार फ्लोट (पाण्याच्या पातळीबरोबर वर-खाली होऊन चालू-बंदचा इशारा देणारे फुगे), दोन्ही पंप आलटून पालटून चालवणारं ऑटो पॅनेल आणि 65 मिलिमीटरचा जीआय डिलिव्हरी पाइप. आधी निकाल सांगून टाकतो. पंप उत्तम, पॅनेल ठीक, फ्लोट कटकटीचे. आणि रस्ता तुंबला त्या दिवशी बेसमेंट ज्यामुळे कोरडं राहिलं ती वस्तू या यादीत नाहीच. तिच्याकडे येतोच.

पूर्वी इथे ओपनवेल पंप होता. कित्येक सोसायट्यांत अजून तोच असतो, कारण प्लंबरच्या हाताशी तोच असतो. ओपनवेल हा टाकीतलं स्वच्छ पाणी गच्चीवर चढवायला बनवलेला पंप. त्याच्या इम्पेलरमधली (पाणी फेकणाऱ्या चक्रातली) वाट अरुंद, आणि तोंडाला बारीक जाळी. पार्किंगच्या सम्पमध्ये येतं काय, तर झाडाची पानं, वेफरची पाकिटं, गुटख्याच्या पुड्या, गाड्या पुसायची फडकी आणि वाळू. जाळी चोंदली की पंप नुसता फिरतो, पाणी जागचं हलत नाही. नॉन-क्लॉगमधून 35 मिलिमीटरपर्यंतचा कचरा आरपार जातो. पाच महिन्यांत तो एकदाच अडकला, तोही एका फडक्याने. कपडा कुठल्याच पंपाला पचत नाही, कटर पंपालाही तो जडच जातो. त्यामुळे गटाराच्या जाळीखाली, सम्पच्या तोंडाशी, दोन बोटं गाळ्याची लोखंडी टोपली टांगली आणि ती रोज उपसायचं काम लावून दिलं.

पंप किती पाणी काढतो हे नेमपट्टीवर बघू नका, मोजा. सम्पचं क्षेत्रफळ सव्वादोन चौरस मीटर, म्हणजे 10 सेंटिमीटर पाणी उतरलं की 225 लिटर गेलं. आत येणारं पाणी बंद असताना भिंतीवर खडूच्या दोन खुणा करून घड्याळ लावलं, तर 40 सेकंद लागले. मिनिटाला साधारण 340 लिटर. सम्पच्या तळापासून रस्त्याकडच्या तोंडापर्यंत उभी चढण 6 मीटर, त्यात पाइप आणि एल्बोंचं घर्षण धरून 8 मीटर हेड (पंपाला मारावी लागणारी एकूण चढण), त्यामानाने हा आकडा चांगला. दोन्ही पंप एकदम लावले तर 680 मिळायला हवेत, पण मिळतात पाचशेच्या आसपास. दोघांची डिलिव्हरी एकाच 65 मिलिमीटरच्या पाइपात जोडली आहे, आणि 680 लिटर त्यातून ढकलायचे तर वेग सेकंदाला तीन मीटरच्या वर जातो, सगळी ताकद घर्षणातच मरते. इथे 80 मिलिमीटरचा पाइप हवा होता. नव्याने करणाऱ्यांनी ही चूक टाळावी, नंतर पाइप बदलायला स्लॅबची भोकं परत फोडावी लागतात.

आता पाऊस. तासाला 100 मिलिमीटर कोसळला तर रॅम्पच्या 132 चौरस मीटरवर तासाला 13,200 लिटर, म्हणजे मिनिटाला 220. एक पंप आरामात पुरतो, दुसरा राखीव. मुंबईत 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला होता. तसला दिवस जरी उगवला तरी नुसत्या रॅम्पवर पडणाऱ्या पाण्याला हे दोन पंप भारी आहेत.

फ्लोटवर जरा थांबतो, कारण पंप जळण्याआधी बहुतेक वेळा दगा देतो तो हाच काही शे रुपयांचा फुगा. तळापासून 40 सेंटिमीटरवर बंद, 90 वर पहिला पंप सुरू, 105 वर दुसरा, 120 वर भोंगा. सुरू आणि बंदमधल्या अर्ध्या मीटरात 1,125 लिटर मावतात. त्यामुळे वाईटातल्या वाईट वेळीही पंप तासाला चार-पाचदाच सुरू होतो. हे अंतर 15 सेंटिमीटरवर आणलं तर तोच पंप तासाला पंधरादा चालू-बंद होईल आणि मोटारीचं वाइंडिंग काळं पडेल. कंत्राटदाराने सुरुवातीला चारही फ्लोटच्या केबली पंपाच्या साखळीलाच टायने बांधल्या होत्या. पंप सुरू झाला की साखळी थरथरते, केबल एकमेकींत गुंततात, आणि 90 चा फ्लोट 105 च्या केबलवर डोकं टेकून उताणा पडतो. पाणी गळ्याशी आलं तरी त्याला पत्ता नसतो. उपाय सोपा निघाला. सम्पच्या झाकणापासून तळापर्यंत स्टेनलेस स्टीलचा एक उभा रॉड, पाणी पडण्याच्या तोंडापासून लांबच्या कोपऱ्यात, आणि त्याला क्लिप मारून प्रत्येक फ्लोट 15 ते 20 सेंटिमीटर मोकळ्या केबलवर, वेगवेगळ्या दिशेला. त्यानंतर गुंता झाला नाही. पार्किंगमधलं ऑइल-ग्रीस मात्र फ्लोटवर थर धरतं. जड झालेला फ्लोट उशिरा उचलतो, म्हणून महिन्यातून एकदा कापडाने पुसायचा. आणि फ्लोटमधून मोटारीचा करंट कधीच नेऊ नका. फ्लोटने फक्त 24 व्होल्टची रिले (छोटा विजेचा स्विच) उचलावी, मोटार चालवावी कॉन्टॅक्टरने (जड करंट पेलणाऱ्या स्विचने).

जुलैत एक पंप चालू दिसायचा, आवाज नेहमीसारखा, अ‍ॅम्पियर मात्र कमी आणि पाणी शून्य. बाहेर काढला तर काही बिघाड नाही, परत सोडला की चालतो, आणि सम्प पार उपसला गेला की पुन्हा तेच. ही एअर लॉकची खूण. सम्प तळापर्यंत गेला की पंपाच्या पोटात हवा शिरते. वर नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी मागे येऊ न देणारी झडप), त्यावर पाइपभर पाण्याचं वजन, त्यामुळे हवेला जायला वाट नाही आणि इम्पेलर हवेतच फिरतं. पंप आणि व्हॉल्व्ह यांच्या मधल्या पाइपाला 4 मिलिमीटरचं एक भोक पाडायचं, तोंड खाली तिरकं. पंप चालू असताना त्यातून पिचकारी उडते, तिला गळती समजून कुणी एमसील लावू नये म्हणून शेजारी रंगाने लिहून ठेवावं. आमच्याकडे वायरमनने एकदा लावलंच होतं.

पॅनेल ठीक म्हटलं ते विजेच्या भानगडीमुळे. त्यात फेज बघणारी रिले आहे, एक फेज गेला किंवा फेजचा क्रम उलटला तर ती पंप लावू देत नाही. हे बरोबरच आहे, दोन फेजवर मोटार काही मिनिटांत जळते. पण मुसळधार पावसात रस्त्यावरची केबल दुरुस्त होऊन वीज परत येते तेव्हा क्रम कधीकधी उलटा येतो. मग लिफ्ट बंद, पंप बंद, आणि पॅनेलवर एक इवलासा लाल दिवा. दुसरा सापळा जनरेटरचा. चाचणी नेहमी मेन सप्लायवर होते आणि जनरेटरचा क्रम कुणी तपासतच नाही. सप्लाय जनरेटरवर गेल्यावर रिले अडून बसते, नाहीतर रिले बायपास केलेली असली तर पंप उलटा फिरतो. उलटा फिरणारा सेंट्रिफ्यूगल पंप पाणी देतो, पण फारच कमी, त्यामुळे चालू आहे असं वाटत राहतं. दोन्ही सप्लायवर खडूच्या खुणांची तीच चाचणी घेतली की दहा मिनिटांत कळतं. पंप सोडण्याआधी साखळीवर टांगून क्षणभर चालू करावा. वरून बघताना बहुतेक पंप घड्याळाच्या उलट दिशेला झटका देतात, तरी बॉडीवरचा बाण बघून खात्री करावी.

हे पॅनेल मूळ आराखड्यात बेसमेंटमध्ये, सम्पच्या बाजूच्या खांबावर गुडघ्याच्या उंचीला होतं. म्हणजे पाणी भरलं की आधी पंपाची वीज जाणार. आग्रहाने तळमजल्यावर, वॉचमनच्या केबिनच्या मागच्या भिंतीवर घेतलं. पंपाची केबल अखंड असावी, सम्पमध्ये किंवा त्याच्या झाकणाखाली जोड नको. टेप गुंडाळलेला जोड पाण्यात बुडाला की ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) ट्रिप होतो, आणि ऐन पावसात वैतागून कुणीतरी ईएलसीबीच काढून टाकतं. त्या पाण्यात मग माणूस उतरतो.

पाणी काढून टाकायचं कुठे, हाही प्रश्न आहे. मुंबईची जुनी पावसाळी गटारं तासाला 25 मिलिमीटर पावसाच्या हिशोबाची, ती सुधारायच्या ब्रिमस्टोवॅड प्रकल्पात तो हिशोब 50 वर नेला. भरती साडेचार मीटरच्या वर असली आणि वरून जोराचा पाऊस, तर गटाराचं पाणी समुद्रात जाऊच शकत नाही, उलट मागे सरतं. त्या वेळात गटारात सोडलेला पाइप म्हणजे पाणी परत येण्याची नळी. इथे डिलिव्हरी पाइप रस्त्यापेक्षा एक मीटर वर नेऊन उलट्या यू आकारात वळवला आणि मग खाली सोडला. पाइप कंपाउंडच्या आत मोकळा सोडू नका. कित्येक ठिकाणी तेच पाणी फिरून रॅम्पवरून पुन्हा खाली येतं आणि पंप बिचारा रात्रभर त्याच पाण्याला प्रदक्षिणा घालत असतो.

आणि आता ती वस्तू. रस्त्यावरचं पाणी रॅम्पच्या माथ्यावरून फक्त 5 सेंटिमीटर जाडीने आत वाहू लागलं, तर 6 मीटर रुंदीतून मिनिटाला जवळपास 6,800 लिटर येतात. आपले दोन्ही पंप मिळून काढणार पाचशे. अडीच सेंटिमीटर असलं तरी 2,400. 5 सेंटिमीटरच्या हिशोबाने 600 चौरस मीटरच्या बेसमेंटमध्ये अर्ध्या तासात फूटभर पाणी. म्हणजे 2 एचपीच्या जागी 5 एचपी घेण्यात अर्थ नाही. रस्त्याचं पाणी दारातच अडवायला हवं. माथ्याचा उंचवटा मुळात रस्त्यापेक्षा वीसेक सेंटिमीटर वर बांधलेला होता, पण रस्त्याचं काँक्रीट झालं आणि त्यातले पंधरा गेले. मग दोन्ही बाजूंच्या भिंतींना आणि मधल्या काढत्या खांबाला अ‍ॅल्युमिनियमच्या खाचा ठोकून त्यात सरकवायच्या 25 सेंटिमीटर उंचीच्या फळ्या केल्या, खालून आणि कडेने रबरी पट्टी. दोन गाळ्यांत एकावर एक दोन, अशा चार फळ्या. दोन माणसं आठ मिनिटांत लावतात. थोडं झिरपतं, ते पंप खुशाल काढतो. खालच्या फळीखाली खडी अडकू नये म्हणून खाच झाडून घ्यावी लागते, नाहीतर बोटभर फटीतून धार लागते. रेड अलर्टला, म्हणजे 24 तासांत 204.5 मिलिमीटरहून जास्त पावसाचा अंदाज असताना, भरतीच्या दोन तास आधी फळ्या लावायच्या. साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचे दिवस महापालिका पावसाळ्याआधीच जाहीर करते, ती यादी केबिनमध्ये चिकटवलेली आहे. फळ्या लागल्या की गाड्या आत-बाहेर बंद, यावरून भांडणं होतात. ती होऊ द्यावीत.

त्याच वेळी लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर नेऊन बंद करायच्या. लिफ्टचा खड्डा सम्पपेक्षा आधी भरला तर केबिन खाली येऊन पाण्यात बसते.

वीज आणि जनरेटर दोन्ही गेले तर तिसरा आधार दोन इंची पेट्रोल पंप. तो रॅम्पच्या माथ्यावर, उघड्यावर ठेवायचा आणि सक्शन पाइप खाली सोडायचा. चार मीटरची ओढ त्याला जड नाही. बेसमेंटच्या आत तो कधीही चालवू नये. धूर साठतो, आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. सम्पमध्ये माणूस उतरवणंही तसंच जिवावरचं, गाळात विषारी वायू साठलेले असतात. पंप साखळीने वर ओढता येईल अशी गाइड रॉडची व्यवस्था असेल तर उतरायची वेळच येत नाही. भरलेल्या बेसमेंटमध्ये वीज मीटरपासून बंद झाल्याची खात्री होईपर्यंत गाडीची चावी घेऊन कुणी धावू नये.

ऑक्टोबरअखेर दोन्ही पंप वर काढले. एकाच्या पोटातलं ऑइल स्वच्छ, दुसऱ्याचं ताकासारखं पांढुरकं. म्हणजे खालचं मेकॅनिकल सील (शाफ्टच्या कडेने पाणी आत येऊ न देणारं) गेलं आणि पाणी आत शिरू लागलं. मोटार अजून शाबूत होती, 500 व्होल्टच्या मेगरवर (वाइंडिंगचं इन्सुलेशन तपासायच्या मीटरवर) आकडा उतरलेला पण 1 मेगओहमच्या बराच वर. आत्ता सील बदललं तर निभावतं, पुढच्या जूनपर्यंत थांबलं तर रिवाइंडिंग. मेगरचा आकडा मे आणि ऑक्टोबर, दोन्ही वेळा लिहून ठेवावा. उतरता आकडा आधी बोलतो, ट्रिप नंतर होतो. सम्पच्या तळाशी वीतभर गाळ होता, तो सक्शन मशीनने काढून घेतला. कोरड्या महिन्यांत पंधरवड्यातून एकदा सम्पमध्ये पाणी सोडून प्रत्येक पंप दोन-तीन मिनिटं चालवायचा, नाहीतर शाफ्ट आणि सील चिकटून बसतात आणि पहिल्याच पावसात मोटार नुसती हुंकारते.

फळ्या धुऊन, रबराला सिलिकॉन ग्रीस लावून ठेवायच्या. ठेवायच्या कुठे, तर वॉचमनच्या केबिनमागे, पॅनेलच्या खाली, तळमजल्यावर. कमिटीने जागा नाही म्हणून बेसमेंटच्या कोपऱ्यात ठेवायचा ठराव आणला होता, तो हाणून पाडावा लागला.