दक्षिण इटलीच्या सहलीचे नियोजन : एका स्थानिक सेवेचा अनुभव

कोल्हापुरात राजारामपुरीतील एका छोट्या प्रवास कार्यालयाकडून आम्ही दक्षिण इटलीची सहल आखून घेतली. ठरलेल्या गटाबरोबर नेणारी ही सेवा नव्हे. मुक्कामांची निवड, रेल्वेची तिकिटे आणि व्हिसाची कागदपत्रे ते पाहतात, पुढे फिरायचे आपले आपण. दक्षिण इटली म्हटले की बहुतेक आराखडे अमाल्फीच्या किनाऱ्यावरच रेंगाळतात. या कार्यालयाने मात्र प्रत्येक मुक्काम आधीच्यापेक्षा वेगळ्या प्रकारचा असावा असा आग्रह धरला, आणि माझ्या मते त्यांच्या कामाचे खरे मोल यातच आहे.

पहिला मुक्काम नेपल्सचा होता. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गाडली गेलेली पॉम्पेई नगरी तिथून लोकल गाडीने सहज गाठता येते. परंतु तिथले उत्तमोत्तम अवशेष नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात असल्याने त्यासाठी स्वतंत्र दिवस राखून ठेवलेला पाहून समाधान वाटले. पॉम्पेईत सापडलेली भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती याच संग्रहालयात आहे. कोल्हापुरातल्या ब्रह्मपुरीच्या उत्खननात मिळालेली पोसायडन या समुद्रदेवाची कांस्यमूर्ती आपल्या टाऊन हॉल संग्रहालयात ज्यांनी पाहिली आहे, त्यांनी ही हस्तिदंती मूर्ती चुकवू नये, कारण त्या काळच्या भारत-रोम व्यापाराची दोन्ही टोके त्यामुळे डोळ्यांसमोर येतात. ती ज्या दालनात आहे ते उघडे असल्याची चौकशी मात्र आधी करावी.

अमाल्फीसाठी त्यांनी महागड्या किनारी गावांऐवजी सालेर्नोत राहण्याचे सुचवले. तिथून हंगामात बोटी सुटतात आणि वळणावळणाच्या रस्त्यावरील बसची गर्दी टळते.

सर्वांत विचारपूर्वक केलेली निवड मातेराची. चुनखडीच्या कड्यात कोरलेल्या तिथल्या घरांमध्ये माणसे आणि जनावरे एकत्र राहत असत. तिथली दैन्यावस्था राष्ट्रीय लाजेचा विषय ठरल्यावर १९५२ च्या कायद्याने रहिवाशांचे स्थलांतर सुरू झाले, आणि तीच वस्ती १९९३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली. बारीहून अरुंद रुळांची वेगळी रेल्वे तिथे जाते. अनेक जण सकाळी येऊन संध्याकाळी परततात. आमचा मुक्कामच तिथे असल्याने पहाटेच्या मोकळ्या पायऱ्यांवरून ती वस्ती निवांत पाहता आली. पुल्या प्रांतातील आल्बेरोबेल्लोची शंकूच्या आकाराच्या दगडी छपरांची घरे मात्र अर्ध्या दिवसात पाहून होतात.

शाकाहाराविषयीची त्यांची टिपणे नेमकी होती. पुल्यात फावा दाण्यांचे घट्ट घोटलेले वरण आणि कडसर चिकोरीची भाजी हे साधे, पोटभरीचे जेवण मिळते. हिरव्या पाल्याबरोबरच्या ओरेक्किएत्ते पास्त्यात खारवलेली मासळी असू शकते, म्हणून विचारून घ्यावे. कालाब्रियाचा ‘न्दुया’ हा झणझणीत प्रकार डुकराच्या मांसाचा असतो. दुपारी उशिरा बरीच स्वयंपाकघरे बंद असतात, हेही त्यांनी आवर्जून लिहून दिले होते.

सिसिलीच्या बाबतीत मात्र हे नियोजन स्पष्टपणे कमी पडले. हे बेट कोल्हापूर जिल्ह्याच्या तिपटीहून मोठे आहे, आणि ते सहलीच्या शेवटी घाईने जोडलेले होते. मेसिनाच्या सामुद्रधुनीत रेल्वेचे डबेच जहाजावर चढवले जातात, तो प्रवास विलक्षण खरा, पण जवळजवळ सगळा दिवस घेणारा आहे. त्यामुळे कातानिया शहर आणि एटना ज्वालामुखी एवढ्यावरच थांबावे लागले आणि आग्रिजेंतोची ग्रीक मंदिरे राहून गेली. सिसिलीला पुरेसे दिवस देता येत नसतील, तर ते दिवस पुल्यातील लेचे शहराला आणि पेस्टमला द्यावेत, असे मी सुचवेन. पेस्टमची ग्रीक मंदिरे सालेर्नोहून रेल्वेने गाठता येतात.

व्हिसासाठी लागणारा किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा त्यांनी वेळेत काढून दिला आणि सेवाशुल्काचा हिशेबही आरंभीच लेखी दिला. त्यांच्याकडे जाणाऱ्यांनी पहिल्याच भेटीत सिसिली हवी की नको हे ठरवून सांगावे, आणि प्रखर उन्हाचा व सुट्ट्यांच्या गर्दीचा ऑगस्ट टाळून सप्टेंबरच्या तारखा मागाव्यात.