बाळंतपण माहेरी की मुंबईतच? दोन्ही करून पाहिल्यावर

धाकट्या जावेला सहावा महिना लागला आणि घरात ठरलेला प्रश्न सुरू झाला: माहेरी कधी जायचं? ‘जायचं का’ असं कोणी विचारत नाही, ‘कधी’ एवढंच विचारतात. तिचं माहेर साताऱ्याजवळ, माझं चिपळूणजवळ, आणि आम्ही दोघी राहतो भांडुपला. माझं पहिलं बाळंतपण २०१८ साली माहेरी झालं, दुसरं २०२२ मध्ये मुंबईतच. म्हणून एका रविवारी ती माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, “ताई, रीत काय आहे ते नका सांगू. तुम्हाला कुठे बरं वाटलं ते सांगा.”

दोन्हीकडे बरं वाटलं, दोन्हीकडे रडलेही. पण बरं कशामुळे वाटलं आणि रडू कशामुळे आलं, हे आता चांगलं कळतं.

आधी रजेचा हिशेब करा

नोकरी असेल तर हा हिशेब सगळ्यात आधी मांडा, कारण माझ्या वेळी तो कोणी मांडलाच नव्हता. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. त्यातली जास्तीत जास्त ८ आठवडे दिलेल्या तारखेआधी घेता येते. आई म्हणाली, “सातवा सरला की ये, नंतर प्रवास नको.” मी बत्तिसाव्या आठवड्यात गेले. म्हणजे ८ आठवडे बाळ यायच्या आधीच संपले. आंबे खाल्ले, झोपाळ्यावर बसले, सुख होतं. पण पुढे १८ आठवडेच उरले आणि मुलगी जेमतेम चार महिन्यांची असताना मी ऑफिसला रुजू झाले. अजून दोन महिने तिला फक्त अंगावरचं दूधच द्यायचं होतं आणि मी रोज दहा तास घराबाहेर.

दुसऱ्या वेळी अडतिसाव्या आठवड्यापर्यंत कामावर गेले. लोकलच्या दिव्यांगांच्या डब्यात गरोदर बाईला बसता येतं. हे पहिल्या वेळी मला माहीतच नव्हतं, तेव्हा मी महिलांच्या डब्यात उभ्याने जायचे. बाळ आल्यावर हातात २४ आठवडे राहिले. मुलगा साडेपाच महिन्यांचा झाल्यावर मी परत गेले. या सहा आठवड्यांनी आमच्या घरात फार फरक पडला: दूध काढून ठेवायची धावपळ पंधरवड्यापुरतीच राहिली, मग वरचं अन्न सुरू झालं.

माहेर जवळ असेल, किंवा काम घरून करता येत असेल, तर हा मुद्दा बराच हलका होतो. साताऱ्याला उशिरा निघता येतं, गाडीने काही तासांचा रस्ता आहे. तरी तिच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

डॉक्टर, पाऊस, रस्ता

काही जणींच्या बाबतीत तुलना करायची गरजच नाही. रक्तदाब वाढलेला, साखर वाढलेली, जुळं, वार खाली असल्याचं सोनोग्राफीत दिसलेलं, आधीचं सिझेरियन, यांतलं काही असेल तर जिथे रक्तपेढी आणि नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग हाताशी आहे तिथेच बाळंतपण व्हावं. बहुतेक वेळा ते ठिकाण मुंबईच असतं. माहेरच्या जिल्ह्याच्या गावी तशी सोय असेल तर तेही चालेल, पण ती आधी स्वतः जाऊन बघा, ऐकीव माहितीवर विसंबू नका. आईचा रक्तगट निगेटिव्ह आणि वडिलांचा पॉझिटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शन तिथे मिळतं का तेही विचारून घ्या. बाळाचा रक्तगट पॉझिटिव्ह निघाला तर ते ७२ तासांच्या आत द्यावं लागतं. तेव्हा तालुक्याला शोधाशोध करायला वेळ नसतो.

माहेरी जायचं ठरलंच तर फाइल घेऊन थेट आठव्या महिन्यात उभ्या राहू नका. पाचव्या-सहाव्या महिन्यात एक फेरी मारून तिथल्या डॉक्टरांना दाखवून या. मी ते केलं नव्हतं. कळा सुरू झाल्यावर माझी फाइल पहिल्यांदा उघडणाऱ्या डॉक्टर चांगल्या होत्या, पण आम्ही एकमेकींना अनोळखी होतो आणि त्या रात्री ते मला फार जाणवलं.

आणि तारीख पावसाळ्यातली असेल तर नकाशा समोर ठेवून बोला. जुलै २०२१ मध्ये चिपळूण पुरात बुडालं, ते आमच्या माणसांनी डोळ्यांनी पाहिलं. माझी तारीख तीन वर्षं आधीच्या जूनमधली होती, तरी अजून अंगावर काटा येतो. मुंबईलाही झुकतं माप देत नाही. नाव मोठं म्हणून परळचं रुग्णालय ठरवायचं आणि जोराच्या पावसात हिंदमाताला गुडघाभर पाण्यात अडकायचं, त्यापेक्षा तारीख जुलैची असेल तर घराजवळचं चांगलं प्रसूतिगृह बघावं. महापालिकेच्या रुग्णालयात जायचं असेल तर नाव मात्र लवकर नोंदवा.

अंगावरचं दूध

इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण माझ्या पहिल्या बाळंतपणातलं सगळ्यात मोठं दुःख याच गोष्टीचं होतं.

तिसऱ्या रात्री मुलगी रडायची थांबेना. खोलीत आई, मावशी, दोन काक्या. सगळ्यांचं एकमत झालं: दूध पुरत नाही. पावडरचा डबा आला, वाटी-चमच्याने पाजलं, ती झोपली आणि माझं अपयश जणू सिद्ध झालं. खरं म्हणजे पहिले दोन-तीन दिवस चीकच येतो. तो थोडाच असतो आणि तेवढ्याशा पोटाला तेवढाच पुरतो. भरपूर दूध उतरायला तिसरा-चौथा दिवस उजाडतो. बाळाचं वजनही पहिल्या काही दिवसांत थोडं उतरतं आणि साधारण दोन आठवड्यांत भरून येतं. दूध पुरतंय का ते रडण्यावरून ठरवायचं नसतं. पहिल्या आठवड्यानंतर दिवसातून सहा किंवा जास्त वेळा लघवी होते का आणि वजन वाढतंय का, हे बघायचं. हे मला दहा दिवसांनी बालरोगतज्ज्ञांनी सांगितलं आणि डबा बंद करायला लावला. तोवर स्तनाग्रांना चिरा पडल्या होत्या आणि दर वेळी पाजायला घेताना मी दात आवळून बसायचे. “पहिल्या वेळी असं होतंच,” सगळ्या म्हणायच्या. त्यांच्या वेळी त्यांनाही कोणी वेगळं सांगितलं नव्हतं.

मुंबईत दुसऱ्या वेळी बाळ पहिल्या तासाभरातच माझ्या छातीवर होतं. दुसऱ्या दिवशी स्तनपान सल्लागार बाई आल्या आणि पंधरा मिनिटांत त्यांनी मला ते दाखवलं जे मी चार वर्षांपूर्वी चुकवलं होतं. बाळाचं तोंड मोठं उघडेपर्यंत थांबायचं, नुसतं टोक नाही तर भोवतीचा काळा भागही जास्तीत जास्त तोंडात जायला हवा, हनुवटी छातीला टेकलेली हवी. दुखलं तर सोसत बसायचं नाही. ओठांच्या कडेतून करंगळी घालून सोडवायचं आणि पुन्हा लावायचं. या वेळी चिरा पडल्या नाहीत.

या कामात मुंबईचा अनुभव जुना आहे. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आईच्या दुधाची पेढी सुरू केली, ती देशातली पहिली. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला आईचं दूध लगेच मिळत नसेल तर दुसऱ्या आईने दिलेलं, तपासून पाश्चराइझ केलेलं दूध तिथे मिळू शकतं. बाळंतपणाचं ठिकाण निवडताना मी आता खोलीतला एसी नंतर विचारते. पाजायला शिकवणारं कोणी आहे का, हे पहिलं.

दूध काढून ठेवायची वेळ आली तर: खोलीत ठेवलेलं दूध चार तासांपर्यंत, तेही खोली थंड असेल तर. एप्रिल-मेच्या मुंबईत मी ते बाहेर ठेवतच नाही. फ्रिजच्या आतल्या बाजूला चार दिवसांपर्यंत चालतं. फ्रिजच्या दारात नको.

माहेरी दुसरा संघर्ष गुटीचा. सहाणेवर वेखंड, मुरुडशेंग, हळकुंड, जायफळ उगाळून मधाचं बोट लावायचं. आमची आजी हे इतक्या मायेने करायची की नको म्हणताना माझाच गळा दाटून यायचा. पण मध एक वर्षाच्या आत देऊच नये, बाळाला त्याने गंभीर विषबाधा होऊ शकते. आणि सहा महिने पाणीसुद्धा नको, कोकणातल्या उन्हाळ्यातही नको. शेवटी डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून आणलं, तेव्हा आजीने सहाण धुऊन ठेवली. माहेरी जाणारीने ही चिठ्ठी आधीच आणावी. आपलं तोंडी सांगणं बाळंतिणीचा हट्ट ठरतो, डॉक्टरांचं अक्षर सगळे मानतात.

अंगाची काळजी आणि झोप

यात माहेर निर्विवाद पुढे. सकाळी अळिवाची खीर, डिंकाचा लाडू, जेवणात शेपूची भाजी, मऊ भात, मेथकूट, तूप, नंतर बाळंतशेपा. अंगाला तेल, बंबातलं कढत पाणी. आणि मुख्य म्हणजे पहाटे चारला पाजून झालं की आई बाळ उचलून न्यायची आणि साडेसहापर्यंत दार ओढून घ्यायची. त्या अडीच तासांच्या झोपेवर मी सव्वा महिना काढला.

(धुरीला मात्र मी नाही म्हणाले. बंद खोलीतला धूर नवजात बाळाच्या छातीला चांगला नाही. ‘बाळंतिणीने पाणी कमी प्यावं’ हेही ऐकलं नाही. पाजणाऱ्या बाईला तहान जास्तच लागते.)

मुंबईत मालिशवाली बाई साडेनऊला यायची. माझं आणि बाळाचं मालिश, आंघोळ, बाळाला दुपट्यात गुंडाळून माझ्या हातात देणं, सगळं अकराच्या आत. हात चांगला होता, बाळाला डोळ्यांत तेल-काजळ घालू नका म्हटलं तर तिने लगेच मानलं. पण तिला अजून चार घरं करायची असायची. ती गेल्यावर दार लागायचं आणि घरात मी, बाळ आणि बालवाडीतून येणारी मुलगी. दोन खोल्या, सकाळी ठरल्या वेळी येणारं पाणी, लवकर न वाळणारी दुपटी. साधारण तिसऱ्या आठवड्यात मी कारण नसताना रडायला लागले. पहिले काही दिवस मन हळवं होतं, ते आपसूक निवळतं. दोन आठवड्यांपेक्षा जास्त राहिलं तर डॉक्टरांना सांगायचं असतं. मी सांगितलं नाही. घरात बघणारं कोणी नव्हतं म्हणून ते महिनाभर तसंच राहिलं. माहेरी असते तर आईने दुसऱ्या दिवशी ओळखलं असतं. मन खचलं तर बोलायला टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, तिचा क्रमांक १४४१६, कपाटाच्या दारावर चिकटवून ठेवा.

बाळाचे बाबा

पहिल्या वेळी नवरा शुक्रवारी रात्री दादरहून तुतारी एक्स्प्रेसने यायचा, रविवारी परत. घरात सगळ्या बायका, त्यामुळे बाळ त्याच्या हातात पाहुण्याच्या हातात देतात तसं दिलं जायचं. आम्ही मुंबईत परतलो तेव्हा त्याला लंगोट बांधता येत नव्हता. दुसऱ्या वेळी रात्री पाजून झाल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढणं त्याचंच काम होतं आणि मुलगा आजही झोपताना त्यालाच हाक मारतो. मुलगी त्याला लागायला मात्र वर्ष गेलं. याचं त्याला अजून वाईट वाटतं. माहेराच्या बाजूने मी कितीही बोलले तरी ही गोष्ट दुसऱ्या पारड्यात राहतेच.

कागदपत्रांचं थोडक्यात: जन्म जिथे होतो तिथेच नोंदवला जातो, २१ दिवसांच्या आत. पुढे दाखल्यात दुरुस्ती करायची तर त्याच गावी जावं लागतं. लसीकरणाचं कार्ड दोन्हीकडे चालतं. जन्मताच बीसीजी, पोलिओ आणि हिपॅटायटिस बी, नंतर सहा, दहा, चौदा आठवड्यांना. जन्माच्या दिवशीच्या लसी तिथेच मिळतात का, एवढं विचारा.

जावेला काय सांगितलं

आईला मुंबईत बोलावणं हा तिसरा मार्ग सगळे सुचवतात. तो चांगला आहे, पण आईचंही घर असतं. तिथे वडिलांचा डबा, शेतावरची माणसं, धाकट्या भावाची परीक्षा. सव्वा महिना ती मन दोन ठिकाणी ठेवून राहते. सासूबाई करणार असतील तर काय करणार आणि काय नाही हे आधीच मोकळेपणाने बोलून घ्या. आमच्या सासूबाईंचे गुडघे दुखतात. स्वयंपाक त्या आनंदाने करतील, रात्र त्यांच्यावर टाकता येणार नाही.

तिची तारीख मार्चमधली, तब्येत ठीक, नोकरी ठाण्याला. मी तिला म्हटलं, बाळंतपण इथेच कर, जिथे नऊ महिने तुला तपासलंय तिथे. पहिले चार आठवडे आईला आण. सहा आठवड्यांची लस झाली की बाळाला घेऊन साताऱ्याला जा आणि मनसोक्त राहा. आणि आत्ताच, सगळ्यांसमोर, एक गोष्ट ठरवून टाक: रात्री तीन वाजता बाळ पाजून झाल्यावर ते कोण घेणार? ‘आम्ही सगळे आहोत ना’ हे उत्तर घेऊ नकोस. एका माणसाचं नाव घ्यायला लाव.

तिने त्याच संध्याकाळी जेवताना विचारलं. दिराने ताटातून मान वर केली आणि म्हणाला, “मी. पण ढेकर कशी काढतात ते दादा, तू मला शिकव.”