10 सिटिंगचं फिजिओ पॅकेज: पैसे नेमके कशाचे द्यायचे?

ठाण्यात नौपाड्यापासून घोडबंदर रोडपर्यंत बऱ्याच फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये कंबर आणि पायाच्या दुखण्याला एकच ताट वाढलं जातं: शेक, 15 मिनिटं पॅड चिकटवून मशीनचा करंट, मग ट्रॅक्शन (म्हणजे कंबर ताणणं) आणि वेळ उरलाच तर व्यायाम. आमच्या मते हा क्रम उलटा हवा. शेकाने आणि करंटने बरं वाटतं, पण ते तेवढ्यापुरतं. उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने 2016 मध्येच कंबरदुखी आणि सायटिकासाठी (कमरेतून पायात उतरणारं दुखणं) करंट, अल्ट्रासाउंड, ट्रॅक्शन आणि कमरेचा पट्टा देऊ नका असं सांगितलं. आपल्याकडे मशीन दिसलं नाही तर पेशंटलाच फसल्यासारखं वाटतं, हेही खरं.

पॅकेजची खरी किंमत पहिल्या तपासणीत कळते. उताणं झोपवून पाय सरळ उचलून पाहिला का? टाचांवर आणि चवड्यांवर चालायला लावलं का? पुढे वाकल्यावर दुखणं वाढतं की मागे वाकल्यावर, हे विचारलं का? यातलं काहीच न करता थेट पॅड चिकटवले, तर पुढच्या सिटिंगला जाऊ नका.

मणक्यांमधली गादी सरकून पाय दुखत असेल तर बहुतेकदा पालथं झोपून करायचा व्यायाम देतात. चटईवर पालथं व्हा, मऊ बिछान्यावर नको. तळवे खांद्यांशी ठेवून कोपर सरळ करत छाती उचला. कंबर सैल, ओटीपोट जमिनीलाच. 10 वेळा, दर दोन-तीन तासांनी. सगळं बिघडतं ते कुल्ले आवळून धरल्याने. इथे एक खूण लक्षात ठेवायची: पोटरीतलं दुखणं वर कुल्ल्याकडे सरकलं, तर कंबर जरा जास्त दुखली तरी चालू ठेवा. दुखणं पायात खाली उतरू लागलं की थांबा. साठीपुढच्या माणसाचे पाय चालताना भरून येत असतील आणि वाकल्यावर किंवा बसल्यावर मोकळं वाटत असेल, तर हाच व्यायाम त्रास वाढवू शकतो. म्हणून सगळ्यांना व्यायामांची एकच झेरॉक्स देणारं क्लिनिक आमच्या लेखी नापास.

पायात उतरणाऱ्या नसेच्या व्यायामातही घोळ होतो. खुर्चीत बसून गुडघा सरळ करताना मान वर न्यायची, गुडघा वाकवताना हनुवटी खाली. कुठेही रोखून धरायचं नाही. ओढणी तळव्याला अडकवून मुंग्या येईपर्यंत पाय ताणणं म्हणजे आधीच चिडलेल्या नसेला आणखी डिवचणं.

सिटिंगनंतर घोडबंदरच्या खड्ड्यांतून स्कूटरवर घरी गेलात, तर मिळालेला आराम वाटेतच सांडतो. त्यापेक्षा तलावपाळीला सपाट फुटपाथवर दहा मिनिटं चाला, सोसेल तसं वाढवत न्या. लोकलमध्ये थोडं उभं राहणं अनेकांना तासभर बसण्यापेक्षा सोपं जातं.

जांघेत बधिरपणा, लघवी अडकणं किंवा नकळत होणं, पाऊल उचलताना लटकणं, यातलं काही दिसलं तर सिटिंग बाजूला ठेवून त्याच दिवशी हॉस्पिटलची कॅज्युअल्टी गाठा.

पॅकेजचे पैसे एकदम भरू नका. तीन सिटिंगचे द्या. तेवढ्यात घरी करायचे दोन-तीन व्यायाम पक्के शिकवले नसतील आणि पुन्हा पाय उचलून पाहिला नसेल, तर उरलेली सात घेण्यात अर्थ नाही.