व्हॉल्व्ह रेडिओच्या किटच्या नावाखाली ८,१०० रुपयांना गंडा

नाशिकमधल्या जुन्या व्हॉल्व्ह (तापून चालणाऱ्या काचेच्या नळ्यांच्या) रेडिओच्या शौकिनांनी हे नीट वाचा. 'पाच व्हॉल्व्हचा रेडिओ घरच्या घरी जोडा' ही जाहिरात आपल्या ग्रुपवरही फिरली होती. त्या माणसाने मला ८,१०० रुपयांना बुडवलं. ॲडव्हान्स २,५००, माल निघण्याआधी ४,४५०, आणि 'ट्रान्सफॉर्मर जड आहे, वेगळ्या पार्सलने पाठवतो' म्हणून वर १,१५०. सगळे यूपीआयने. ट्रान्सफॉर्मर आजतागायत आलेला नाही.

मी नवखा नाही. सातपूरला इलेक्ट्रिकल मेंटेनन्समध्ये नोकरी झाली, घरी मर्फी, बुशचे सेट उघडून चालू केलेत. त्याने पाठवलेली व्हॉल्व्हची यादी अचूक होती: ईसीएच ८१, ईबीएफ ८९, ईसीएल ८२, रेक्टिफायरला (एसीचं डीसी करायला) ईझेड ८० आणि स्टेशन नीट लागलं की नाही ते दाखवणाऱ्या हिरव्या डोळ्यासाठी ईएम ८४. आयएफटी, म्हणजे स्टेशनचा सिग्नल गाळणारी कॉइल, ४५५ किलोहर्ट्झची. सर्किटमध्ये बोट ठेवायला जागा नव्हती. हे जाळं जाणकारालाच पकडायला विणलेलं होतं. 'एवढ्या स्वस्तात कसं पटलं' असं विचारणाऱ्यांनी आधी मेनरोड, रविवार कारंजा पालथं घालून एक चालू ईसीएच ८१ आणून दाखवावा.

पण जाहिरातीतला तो व्हिडिओ! त्याने बटण फिरवलं आणि त्याच क्षणी गाणं सुरू झालं. त्याच क्षणी! व्हॉल्व्हचा फिलामेंट तापायला वेळ लागतो, कॅथोड गरम झाल्याशिवाय इलेक्ट्रॉन सुटत नाहीत. पंधरा-वीस सेकंद सेट मुका असतो, मग आवाज हळूहळू वर येतो. आपल्यापैकी प्रत्येकाला हे लहानपणापासून माहीत आहे. मी तो व्हिडिओ बायकोलाही दाखवला. ती म्हणाली, 'अहो, हा लगेच कसा वाजला?' मी म्हटलं, मधला भाग कापला असेल. कोणीही हेच म्हटलं असतं, कारण व्हिडिओ सगळेच कापतात. तरी ते बटण आणि ते गाणं आठवलं की अजून संताप होतो.

खोक्यात काय निघालं? प्लायवूडचं कॅबिनेट, खालून पिना कापून डिंकाने चिकटवलेल्या काचेच्या बाटल्या, प्रत्येकीखाली एक केशरी एलईडी, आणि काड्यापेटीएवढं एफएमचं चायनीज बोर्ड. पाच व्होल्टवर चालणारं! खऱ्या सेटमध्ये व्हॉल्व्हच्या प्लेटला दोनशेच्या वर व्होल्ट लागतात. मीडियम वेव्ह नाहीच, म्हणजे ५५८ किलोहर्ट्झवर मुंबईची अस्मिता वाहिनी विसरा. पार्सल हातात घेताच वजन बघा, लोखंड-तांब्याचा ट्रान्सफॉर्मर लपत नाही. आणि खोकं उघडताना अखंड व्हिडिओ काढा.

आता पुढची कथा. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, फोन लागायलाच वेळ, लागल्यावर म्हणे पैसे काढून घेतलेले दिसतात. सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार केली, पावती नंबर आला, बाकी शांतता. पोलीस ठाण्यात साहेबांनी विचारलं, 'माल मिळालाय ना? मग हे दिवाणी प्रकरण.' कसलं दिवाणी? भारतीय न्याय संहितेचं ३१८ कलम फसवणुकीचंच आहे ना? त्यांनी सायबर पोलिसांकडे धाडलं, सायबरवाले म्हणाले आधी ठाण्यातूनच कागद आणा. बँकेत म्हणे पिन तुम्हीच टाकलात, आम्ही काय करणार. कुरिअरवाला म्हणतो, सीलबंद आलं, सीलबंद दिलं. ग्राहक हेल्पलाइन १९१५ ने विक्रेत्याचा पत्ता मागितला. पत्ता असता तर मीच दारात जाऊन उभा राहिलो असतो! एकाही टेबलवर कोणी ते खोकं उघडून आत बघितलं नाही. मी दर वेळी पिशवीत घालून नेत होतो. रक्कम लहान आहे, असं एकाने तोंडावर सांगितलं. पेन्शनवर जगणाऱ्याला ८,१०० लहान नसतात.

परवा त्यानेच दुसऱ्या नंबरवरून 'परतावा देतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका' असं कळवलं. पैसे यायला पिन लागत नाही. पिन मागितला की फोन ठेवा. तक्रार मात्र लगेच करा, पैसे पुढे सरकायच्या आत केली तरच काही अडकतात.

तोच व्हिडिओ आता नव्या नावाने फिरतोय, किंमत ७,४९९ केलीय. कॅबिनेटच्या डाव्या खालच्या कोपऱ्यावर तिरपा ओरखडा आहे, त्यावरून ओळखा.